वाचताना समजतं, लिहिताना अडतं: रिअल अ‍ॅनालिसिसच्या पेपरची तयारी

टी.वाय.बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या एका मुलीने विचारलंय: "मॅडम, रिअल अ‍ॅनालिसिसचा पेपर सहा आठवड्यांवर आलाय. नोट्स दोनदा वाचून झाल्या, मोठी प्रमेयं पाठ आहेत, वाचताना प्रत्येक ओळ पटते. पण इंटर्नलला २० पैकी ६ पडले. कोरा कागद समोर आला की दुसऱ्या ओळीनंतर पुढचं आठवत नाही, आणि न पाहिलेला प्रश्न आला की सुरुवातच होत नाही. आता आणखी पाठ करू, की गणितं सोडवू?"

मी गेली २३ वर्षं पदवीच्या आणि एम.एस्सी.च्या वर्गांना अ‍ॅनालिसिस आणि अल्जिब्रा शिकवते, पेपर काढते आणि तपासतेही. तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: "वाचताना प्रत्येक ओळ पटते." सिद्धता वाचताना सगळे निर्णय आधीच कुणीतरी घेतलेले असतात. एप्सिलॉनचा (म्हणजे हव्या तितक्या लहान धन संख्येचा) अर्धा का घेतला, उलट गृहीत धरून सुरुवात का केली, नेमकी हीच सबसिक्वेन्स (सिक्वेन्समधली निवडक पदं) का निवडली, यातलं काहीच तुला ठरवावं लागत नाही. तू फक्त मान डोलावतेस. परीक्षेत मात्र प्रत्येक निर्णय तुलाच घ्यायचा असतो. त्या ६ गुणांवरून मला एवढंच दिसतं की लिहायचा सराव झालेला नाही. तो सहा आठवड्यांत होतो. मी तो होताना पुष्कळदा पाहिला आहे.

म्हणून पहिला बदल हा कर: अभ्यासाला बसलीस की निम्म्याहून जास्त वेळ पुस्तक बंद राहिलं पाहिजे. प्रमेयाचं विधान कागदाच्या वर लिही, वही मीट आणि सिद्धता लिहायला लाग. अडशील. अडलीस की लगेच वही उघडू नकोस. कागदावर दोन ओळी लिही: माझ्या हातात काय आहे, आणि मला कुठे पोहोचायचंय. पंधरा-वीस मिनिटं तिथेच बस. तरी सुटलं नाही तर वही उघड, पण जिथे अडलीस तेवढीच ओळ बघ, लाल पेनने आपल्या कागदावर ती जागा खूण करून ठेव, वही मीट आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिही. ती लाल खूण म्हणजे त्या सिद्धतेची किल्ली. बहुतेक सिद्धतांत अशी किल्ली एक, फार तर दोन असतात. बाकीचं सगळं व्याख्या उलगडणं असतं. लक्षात ठेवायची ती किल्ली. चाळीस ओळी पाठ करणारीला एक ओळ निसटली की पुढचं सगळं निसटतं, कारण तिच्या लेखी प्रत्येक ओळीचं महत्त्व सारखंच असतं.

तीच सिद्धता दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने पुन्हा एकदा लिही. आठवड्यानंतरचं लिहिणं सगळ्यात कठीण जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आता एक सिद्धता जवळून बघू, कारण "समजून कर" असं नुसतं सांगून काही होत नाही. प्रमेय तुझ्या पेपरात येण्याची दाट शक्यता असलेलं घेते: क्लोज्ड आणि बाउंडेड इंटरव्हलवर कंटिन्युअस असलेलं फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं.

सिद्धता अशी जाते. समजा, एफ युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. एप्सिलॉन म्हणजे किमतींतल्या फरकाची मर्यादा, डेल्टा म्हणजे बिंदूंमधल्या अंतराची. म्हणजे असा एखादा एप्सिलॉन आहे की कुठलाही एकच डेल्टा सगळ्या बिंदूंसाठी त्याला पुरत नाही. मग डेल्टा म्हणून १, १/२, १/३ असं १/एन घेत जाऊ. प्रत्येक वेळी दोन बिंदू मिळतात, एक्स-एन आणि वाय-एन: दोघांमधलं अंतर १/एनपेक्षा कमी, पण त्यांच्यावरच्या एफच्या किमतींतला फरक एप्सिलॉनइतका किंवा जास्त. एक्स-एन ही सिक्वेन्स बाउंडेड आहे, म्हणून बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेयाने तिची एक सबसिक्वेन्स कुठल्यातरी पी या बिंदूकडे जाते. इंटरव्हल क्लोज्ड आहे, म्हणून पी इंटरव्हलमध्येच असतो. वाय-एनची तीच सबसिक्वेन्सही पीकडेच जाते, कारण दोघांमधलं अंतर शून्याकडे चाललंय. एफ हे पीवर कंटिन्युअस आहे, म्हणून दोन्ही बाजूंच्या किमती एफ(पी)कडे जातात आणि त्यांच्यातला फरक शून्याकडे. पण तो फरक तर एप्सिलॉनच्या खाली जायलाच तयार नव्हता. विरोधाभास.

ही सिद्धता लिहून झाली की तिन्ही गृहीतकांवर बोट ठेव. बाउंडेड कुठे लागलं? सबसिक्वेन्स काढताना. क्लोज्ड कुठे लागलं? पी आत ठेवताना. कंटिन्युइटी कुठे लागली? शेवटी, आणि तीही फक्त पी या एका बिंदूवर. मग प्रत्येक गृहीतक एकेक करून काढून बघ. क्लोज्ड काढलं तर ० वगळलेल्या ० ते १ या इंटरव्हलवर १/एक्स घे: बिंदू शून्याकडे सरकतात, पण पी म्हणजे ०, आणि तो इंटरव्हलमध्ये नाहीच. सिद्धता नेमकी त्याच ओळीवर मोडते. बाउंडेड काढलं तर सगळ्या वास्तव संख्यांवर एक्सचा वर्ग घे: एन आणि एन अधिक १/एन हे दोन बिंदू जवळजवळ येत जातात, पण त्यांच्या वर्गांतला फरक २पेक्षा जास्तच राहतो, आणि एन कुठे थांबतच नाही म्हणून अभिसारी (कन्व्हर्ज होणारी) सबसिक्वेन्स मिळत नाही. एवढं केलंस की त्या प्रमेयाची सिद्धता पाठ करायची गरजच उरत नाही.

माझं स्वतःचंही याच ठिकाणी अडलं होतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी हे प्रमेय फळ्यावर न चुकता लिहिलं आणि सरांनी एवढंच विचारलं, "क्लोज्ड कुठे वापरलंस?" मला सांगता आलं नाही. सबंध सिद्धता माझ्या हाताने लिहिलेली समोर होती आणि तिच्यात ती जागा मला सापडत नव्हती. त्या दिवसापासून मी कुठलंही प्रमेय वाचलं की प्रत्येक गृहीतकाखाली पेन्सिलीने ओळीचा नंबर लिहिते. आजही लिहिते. एखाद्या गृहीतकाखाली नंबर आला नाही, तर एकतर ते गृहीतक अनावश्यक आहे, किंवा माझ्या सिद्धतेत भोक आहे. शंभरात नव्व्याण्णव वेळा भोकच असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्याकडच्या मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि यावर कुणी बोलत नाही. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, आणि बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी. अ‍ॅनालिसिसचा सगळा खेळ "फॉर एव्हरी" आणि "देअर एग्झिस्ट्स" या दोन शब्दसमूहांवर उभा आहे, आणि त्यात "एनी" हा शब्द घोटाळा करतो. "फॉर एनी एप्सिलॉन" म्हणजे प्रत्येक एप्सिलॉनसाठी. पण "इफ देअर इज एनी एप्सिलॉन" म्हणजे एखादा जरी असला तरी. एकच शब्द, दोन उलट अर्थ. मराठीत ही अडचण येत नाही. "कोणताही" आणि "कोणतातरी" हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि घरात रोज वापरणारी तू त्यांच्यात कधीच गल्लत करत नाहीस. तेव्हा माझं सांगणं आहे की विचार मराठीत कर. व्याख्या आधी मराठीत स्वतःला सांग, ती पक्की झाली की मग इंग्रजीत लिही.

कंटिन्युइटी मराठीत कशी सांगशील? "तू कोणताही एप्सिलॉन दे, मी त्याला पुरणारा डेल्टा देते." दोघींमधला व्यवहार आहे हा. समोरची आधी मागणार, मी नंतर देणार. म्हणून माझा डेल्टा तिच्या एप्सिलॉनवर अवलंबून असू शकतो. साध्या कंटिन्युइटीत ती एप्सिलॉनबरोबर बिंदूही आधीच सांगून टाकते, म्हणून मी बिंदू बघून डेल्टा देऊ शकते. युनिफॉर्म कंटिन्युइटीत ती बिंदू झाकून ठेवते; डेल्टा आधी टेबलावर ठेवायचा, बिंदू मग उघडणार. दोन्ही व्याख्यांमधला फरक एवढाच. कुणी काय आधी बोलायचं, याचा क्रम.

हा क्रम बदलला की अर्थ किती बदलतो ते बघायचं असेल तर अ‍ॅनालिसिसपासून लांबचं वाक्य घे. "वर्गातल्या प्रत्येक मुलीला आई आहे" आणि "एकच बाई वर्गातल्या सगळ्या मुलींची आई आहे." पहिलं खरं, दुसरं अशक्य. पॉइंटवाइज कन्व्हर्जन्स आणि युनिफॉर्म कन्व्हर्जन्स यांत नेमकं हेच आहे: पहिल्यात प्रत्येक बिंदूचा आपापला एन, दुसऱ्यात सगळ्या बिंदूंना मिळून एकच एन. आणि इथे अडखळणारी तू पहिली नाहीस. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ साली विधान केलं होतं की कंटिन्युअस फंक्शन्सच्या अभिसारी सिरीजची बेरीजही कंटिन्युअस असते. १८२६ साली आबेलने साइनच्या एका सिरीजचं उदाहरण देऊन दाखवलं की असं नेहमी होत नाही. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची कल्पना स्वतंत्रपणे मांडली जाऊन स्थिरावायला पुढे कित्येक वर्षं गेली. कोशीसारख्या माणसाला जिथे फरक दिसला नाही, तिथे तुला दोन आठवडे लागले तर वाईट वाटून घेऊ नकोस. पण ते दोन आठवडे दे मात्र.

याचा सराव करायची सोपी रीत आहे: नकार लिहायचा. प्रत्येक व्याख्येखाली तिचा नकार लिही. "कन्व्हर्ज होत नाही" म्हणजे काय? "कोशी सिक्वेन्स (पुढची सगळी पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येणारी) नाही" म्हणजे काय? "युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही" म्हणजे काय? नकार लिहिताना "कोणताही"चा "कोणतातरी" होतो, "कोणतातरी"चा "कोणताही" होतो, आणि अगदी शेवटची असमानता उलटते. क्रम मात्र तोच राहतो. वर लिहिलेल्या सिद्धतेची पहिली ओळ म्हणजे असा नकारच होता. तो नीट लिहिता आला की ती सिद्धता पुढे जवळजवळ आपोआप चालते. नाही आला तर पहिल्याच ओळीवर गाडी अडते. तुझं इंटर्नलला दुसऱ्या ओळीनंतर अडलं, ते बहुधा यामुळेच असणार. आपला कागद परत काढून बघ.

आता रफ कामाबद्दल. बऱ्याच मुलांना वाटतं की हुशार मुलीला सिद्धता वरून खाली सुचते. तशी कुणालाच सुचत नाही. एक्स ३कडे जाताना एक्सचा वर्ग ९कडे जातो, हे सिद्ध करायचंय. पुस्तकात उत्तर सुरू होतं: "डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतला लहान घेऊ." हा ७ कुठून आला? रफ कागदावरून आला, आणि तो कागद पुस्तकात छापत नाहीत. रफमध्ये आपण शेवटापासून सुरुवात करतो. एक्स वर्ग वजा ९ म्हणजे (एक्स वजा ३) गुणिले (एक्स अधिक ३). पहिला अवयव डेल्टापेक्षा लहान, तो आपल्या ताब्यात आहे. दुसऱ्याला आवर घालायचा. इथे मुलं हमखास डेल्टा म्हणून एप्सिलॉन भागिले (एक्स अधिक ३) लिहितात, आणि तिथे गुण जातात, कारण डेल्टा देताना एक्स अजून आलेलाच नाही. डेल्टा एक्सवर अवलंबून असू शकत नाही. म्हणून आधी ठरवायचं की डेल्टा १पेक्षा मोठा घ्यायचाच नाही. मग एक्स २ ते ४च्या मध्ये अडकतो, एक्स अधिक ३ हे ७च्या खाली राहतं, आणि गुणाकार ७ डेल्टापेक्षा कमी होतो. हा बघ तुझा ७. आता कागद उलटा कर आणि फेअरमध्ये वरून खाली लिही.

रोजच्या अभ्यासात पान मधोमध दुमड. उजवीकडे रफ, डावीकडे फेअर. परीक्षेतही शेवटच्या पानावर "रफ वर्क" असं लिहून हेच कर. आणि फेअर लिहिताना जे सिद्ध करायचंय त्यापासून सुरुवात करून "म्हणून ० बरोबर ०" पर्यंत येऊ नकोस. त्याने काही सिद्ध होत नाही, आणि तपासताना मला अशी उत्तरं दरवर्षी ढिगाने दिसतात.

तिसरी गोष्ट, उदाहरणांची एक वही कर. पातळ पुरे. त्यात प्रत्येक उदाहरण एका ओळीत आणि ते कशाचं प्रतिउदाहरण आहे तेही. वजा १चा एनवा घात: बाउंडेड आहे, कन्व्हर्ज होत नाही. एनचं वर्गमूळ: लागोपाठच्या दोन पदांतला फरक शून्याकडे जातो, तरी सिक्वेन्स कोशी नाही. हार्मोनिक सिरीज (१ अधिक १/२ अधिक १/३ अशी): पद शून्याकडे जातं, बेरीज मर्यादेत राहत नाही. एक्सचा एनवा घात, ० ते १वर: प्रत्येक फंक्शन कंटिन्युअस, लिमिट मात्र १पाशी तुटतं. मॉड एक्स शून्यापाशी: कंटिन्युअस, पण डिफरन्शिएबल नाही. एक्स वर्ग गुणिले साइन १/एक्स, शून्यावर किंमत शून्य: डिफरन्शिएबल, पण डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी कंटिन्युअस नाही. परिमेय संख्यांवर १ आणि अपरिमेयांवर ०: कुठेच कंटिन्युअस नाही. अशी वीस-बावीस उदाहरणं हाताशी असली की "खरं की खोटं, कारण द्या" हा प्रश्न तुझा हक्काचा होतो, आणि सिद्धता लिहिताना चुकीची वाट दिसली की ती लगेच ओळखता येते. "हे खरं असतं तर एनच्या वर्गमूळाला लागू पडलं असतं" एवढं मनात आलं की हात थांबतो.

चित्र काढ, जरूर काढ, पण चित्रावर सिद्धता टेकवू नकोस. खाली असलेलं आणि वर गेलेलं कंटिन्युअस फंक्शन मधल्या प्रत्येक किमतीतून जातं हे चित्रात इतकं उघड दिसतं, की त्याला सिद्धता लागते हेच पुष्कळांना पटत नव्हतं. बोल्झानोने १८१७ साली प्रागमध्ये ती भूमितीचा आधार न घेता दिली. आणि १८७२ साली वायरस्ट्रासने बर्लिनच्या अकादमीपुढे असं फंक्शन मांडलं, जे सगळीकडे कंटिन्युअस आहे आणि एकाही बिंदूवर डिफरन्शिएबल नाही. ते कुठल्या वहीत काढून दाखवणार?

आता न पाहिलेल्या प्रश्नाचं. तुझी खरी भीती हीच आहे. असा प्रश्न आला की "काय करू" असं स्वतःला विचारू नकोस. "कुठला शब्द अजून उलगडलेला नाही" असं विचार. एक नमुना देते. प्रश्न: कंटिन्युअस फंक्शन प्रत्येक परिमेय संख्येवर शून्य आहे, ते सगळीकडे शून्य आहे हे सिद्ध करा. सुरुवात: मला काय दाखवायचंय? कुठलीही वास्तव संख्या घेतली तर तिथे एफ शून्य आहे. बरं, परिमेय असेल तर दिलेलंच आहे, म्हणून अपरिमेय एक्स घे. माझ्याकडे माहिती कुठली आहे? फक्त परिमेय संख्यांवरची. म्हणजे एक्स आणि परिमेय संख्या यांना जोडणारा पूल हवा. असा पूल आपल्याला माहीत आहे: प्रत्येक वास्तव संख्येकडे जाणारी परिमेय संख्यांची सिक्वेन्स असते. ती आर-एन म्हण. आता कंटिन्युइटी अजून वापरलेली नाही, ती वापर: एफ(आर-एन) ही एफ(एक्स)कडे जाते. पण एफ(आर-एन) सगळीकडे शून्य, म्हणून एफ(एक्स)ही शून्य. झालं. यात कुठेही चमत्कार नाही. दिलेलं उलगडलं, हवं ते उलगडलं, आणि मध्ये उरलेली दरी कुठल्या प्रमेयाने सांधता येईल ते शोधलं. "अजून कुठलं गृहीतक वापरलेलं नाही?" हा प्रश्न अडलेल्या मुलीला सगळ्यात जास्त वेळा पुढे नेतो.

असे प्रश्न रोज दोन. दोनच. एक सुटेल, एक नाही. न सुटलेला रात्री डोक्यात ठेवून झोप. उत्तर लगेच मोबाईलवर शोधलंस तर त्या प्रश्नाचा उपयोग संपतो. मागच्या वर्षांचे पेपर शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेव आणि घड्याळ लावून सोडव.

एखादी मैत्रीण सोबत घे. आठवड्यातून दोनदा, फळा असेल तर उत्तम, नाहीतर स्लेटही चालेल. एकीने सिद्धता सांगायची आणि दुसरीने प्रत्येक ओळीला "का?" विचारायचं. दुसरीने मदत करायची नाही, फक्त "का?". १९९३पासून उन्हाळ्यात चालत आलेल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणिताच्या शिबिरात, जे एस. कुमारेसन यांनी सुरू केलं, शिकवण्याची पद्धत साधारण अशीच आहे: शिक्षक सिद्धता फळ्यावर उतरवून देत नाहीत, प्रश्न विचारत विचारत मुलांकडूनच ती काढून घेतात. तिथे जाऊन आलेली मुलं परत येतात तेव्हा वर्गात त्यांचे प्रश्न बदललेले असतात. पेपर झाला की पुढच्या वर्षीचा अर्ज भरायचा विचार जरूर कर.

मग पाठ काहीच करायचं नाही का? करायचं, आणि काटेकोर करायचं. सगळ्या व्याख्या आणि प्रमेयांची विधानं शब्दन् शब्द पाठ हवीत. यात सवलत नाही. "साधारण असं काहीतरी" अशी व्याख्या लिहिणाऱ्या मुलीला पुढची सिद्धता लिहिताच येत नाही, कारण सिद्धतेची पहिली आणि शेवटची ओळ व्याख्येतूनच येते. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं व्याख्या लिहून काढ, वही न बघता. त्याबरोबर इंग्रजीतली पाच-सहा वाक्यंही हातात बसव: "लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो बी गिव्हन", "सपोज, ऑन द कॉन्ट्ररी", "सिन्स एफ इज कंटिन्युअस अ‍ॅट पी". भाषेसाठी अडायला नको, म्हणून.

सहा आठवड्यांची वाटणी फार बारीक करू नकोस. पहिले तीन आठवडे मुख्यतः व्याख्या, नकार, उदाहरणांची वही आणि मोठ्या प्रमेयांच्या सिद्धता कोऱ्या कागदावर. अशी प्रमेयं तुझ्या सिलॅबसमध्ये पंचवीसच्या आसपास निघतील. म्हणजे दिवसाला एक, कधी दोन, आणि जुन्यांची उजळणी. चौथ्या आठवड्यापासून न पाहिलेले प्रश्न वाढव. शेवटचे दोन आठवडे पेपर. आदल्या रात्री नवीन काही वाचू नकोस, लाल खुणांचे कागद चाळ आणि झोप. जागरण करून आलेली मुलं असमानतेची दिशा चुकवतात, हे मी पुरवण्या तपासताना ओळखू शकते.

परीक्षेच्या वेळी पहिली पाच-सात मिनिटं फक्त वाच आणि कुठले प्रश्न घ्यायचे ते ठरव. येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात कर. अडलीस तर निदान संबंधित व्याख्या लिही, काय सिद्ध करायचंय ते लिही. तपासणाऱ्याकडे टप्प्याटप्प्याने गुण द्यायची सोय असते आणि कोऱ्या जागेला गुण देता येत नाहीत. (अ) सुटला नाही तरी (अ)चं विधान वापरून (ब) सोडवता येतो का बघ. बहुधा त्यासाठीच तो तसा विचारलेला असतो. आणि एखादी पायरी जमली नाही तर "उघड आहे की" लिहून ती झाकू नकोस. तिथे सरळ लिही की एवढा भाग गृहीत धरून पुढे जाते, आणि पुढचं बरोबर लिही. मी स्वतः अशा उत्तराला पुढच्या भागाचे पूर्ण गुण देते. झाकलेलं भोक दिसलं की मात्र पुढच्या सगळ्या ओळी संशयाने वाचल्या जातात.

आज रात्री एवढंच कर: इंटर्नलचा तो पेपर काढ, प्रत्येक प्रश्नात नेमकी कुठली ओळ अडली ती लाल पेनने खूण कर, आणि त्यातली एक सिद्धता वही बंद करून लिहून बघ. सुटली नाही तर कुठे थांबलीस ते मला त्याच ओळीसकट लिहून पाठव. पुढचं आपण तिथून बघू.